सुंदराबाईचं दुसरं मरण

"सुंदराबाई आज पहाटे दुसऱ्यांदा मेली," डॉ. कमळा शिरगावकर दारातूनच म्हणाल्या.

भिकाजी पावसकरांचा चहा बशीत सांडला. निवृत्त झाल्यापासून ते रोज सहदेव आंबेरकरांच्या पडवीत येऊन बसत. आंबेरकरांनी मुंबईत विमा कंपन्यांसाठी कितीतरी संशयास्पद मृत्यूंचा छडा लावला होता. आता रत्नागिरीत खाजगी कामं घेत.

"बसा," आंबेरकर म्हणाले. "पहिल्यांदा कधी मेली?"

"उन्हाळ्यात. मुंबईत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने. पण तिच्या गाठीतल्या पेशी मी माझ्या घरी बाटल्यांत वाढवते. बाई गेली, पेशी जगल्या."

भिकाजींनी बशी खाली ठेवली. आंबेरकरांनी नुसती मान हलवली.

"नेहमीच्या औषधाला या पेशी दाद देत नाहीत," डॉक्टर सांगू लागल्या. "पण जोडीला फोलिनिक आम्ल दिलं तर औषधाची पकड घट्ट होते, असं माझं म्हणणं. ते स्वतः मारत नाही, मारणाऱ्याला बळ देतं. मी तीन बाटल्या लावल्या. पहिलीत नुसत्या पेशी, दुसरीत औषध, तिसरीत औषध आणि जोडीदार. काल तिन्हीसांजेपर्यंत दुसरीतल्या पेशी बऱ्याचशा तगल्या, तिसरीतल्या मेल्या. हवं तसंच झालं. पण आज पहिलीतल्याही मेल्या! त्या आपोआप मरत असतील, तर तिसरीचं श्रेय औषधाला कसं देऊ?"

"पुन्हा करून बघा की," भिकाजी म्हणाले.

"वेळ कुठे आहे? सुंदराबाईची धाकटी बहीण तुळसा. तिलाही तोच आजार. आज रातराणीने मुंबईला निघालीय. जोडीचं औषध द्यायचं की नाही, हे तिथले डॉक्टर माझ्या शब्दावर ठरवणार आहेत."

डॉक्टरांचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला होतं. खालून मासळीचा वास आणि लिलावाचा गलका येत होता. प्रयोगाच्या खोलीत मात्र काळे पडदे आणि दमट ऊब. टेबलावर तीन मोठ्या काचेच्या बरण्या. प्रत्येकीत एक चपटी बाटली आणि विझलेली मेणबत्ती.

"मेणबत्ती कशाला?" भिकाजींनी हळूच विचारलं.

"पेशींना विशिष्ट हवा लागते. मुंबईत त्याला यंत्र असतं. इथे मी तिन्हीसांजेला मेणबत्ती पेटवून झाकण ग्रीसने बंद करते. आतली हवा खाऊन ती आपली आपण विझते."

डॉक्टरांनी पहिली बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भिकाजींनी त्याला डोळा लावला आणि लगेच काढला. आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटलं.

"फुगून फुटल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "औषधाने मरतात त्या आक्रसून."

आंबेरकर ती पहिली बाटली आणि बाकीच्या दोन बंद बरण्या उजेडात धरून पाहत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीतलं, पेशींच्या खाद्याचं पाणी लालभडक होतं. पहिलीतलं फिकट गुलाबी, आणि बोटभर वर चढलेलं. पहिल्या बरणीचं ग्रीस पहाटे डॉक्टरांनी उघडण्याआधीच फिसकटलं होतं; बाकी दोन झाकणांचं जसंच्या तसं होतं. पहिल्या बरणीच्या बुडाशी तांदळाच्या पिठाचा पातळ थर होता. त्यावर पाखराच्या पावलासारखी एक खूण.

"पाल फिरली असेल," मागून डॉक्टरांचा मदतनीस रघू म्हणाला.

"मुंबईच्या नोकरीचं बोलावणं आलंय ना तुला?" आंबेरकरांनी त्याला विचारलं. "बाई सोडत नाहीत म्हणे."

रघू लाल झाला. "म्हणून मी यांचं काम मोडेन? अहो, मोडायचंच तर तिसरी बाटली मोडली असती. सगळा जीव तिच्यात आहे."

स्वयंपाकघरात डॉक्टरांची स्वयंपाकीण सगुणा नारळ खवत होती. "मी त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाय," ती म्हणाली. "पेटलेला दिवा कुणी न फुंकता विझतो, ओ! कोण विझवतो सांगा. आणि तांदळाचं पीठ विचाराल तर डबा उघडाच असतो. घरातलं कुणीपण घेईल."

मागच्या पडवीत सुंदराबाईचा नवरा केरू बसला होता. ट्रॉलरवर कामाला होता. डॉक्टरांच्या औषधांसाठी पहाटे बर्फ आणून टाकायचा.

"पिंडाला कावळा शिवला नाय, भाऊ," तो म्हणाला. "शिवेल कसा? बायको जिती हाय म्हणतात त्या बाटलीत. मी आत पाय नाय टाकला. बर्फ ठेवतो न् पळतो."

तुळसा काही दिवसांपासून डॉक्टरांकडेच राहत होती; ती माजघरात पिशवी भरत होती. हडकुळी, पण नजर शांत. दोन लुगडी, पंचा आणि फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा छोटा गडू. गडूचं डाक लावून पक्कं बंद केलेलं झाकण कापलेलं होतं. कापलेली कड लखलखत होती.

"वाटेत प्यायला पाणी का?" भिकाजींनी विचारलं.

"असू दे सोबत," ती म्हणाली.

"बाईंनी तुम्हाला प्रयोग दाखवला?" आंबेरकरांनी विचारलं.

"परवाच. दोन बरण्यांत औषधाने पोळलेली आक्का. पहिलीत होती तशी."

तिन्हीसांजेला आंबेरकरांनी सगळ्यांना बरण्यांच्या खोलीपाशी बोलावलं. सगुणा उंबऱ्याबाहेरच राहिली.

"डॉक्टर, पेशी फुगून कशाने फुटतात?"

"साध्या पाण्याने," डॉक्टर म्हणाल्या आणि दचकल्या. "पण माझ्या बाटलीत साधं पाणी कोण घालील?"

"कुणीतरी घातलं. म्हणूनच पाणी वर चढलं आणि रंग फिका झाला. आता पीठ. ते सांडलेलं नाही, हाताने पसरलेलं आहे. माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरतात, गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते पावलावरून कळावं म्हणून. तुमची मेणबत्ती कुणाला तरी मेलेल्या माणसाचा दिवा वाटली."

"मग केरूच!" भिकाजी म्हणाले आणि जीभ चावली.

"केरू 'त्या बाटलीत' म्हणाला. बाटल्या तीन आहेत हेच त्याला ठाऊक नाही. सगुणा आत येत नाही, तिला बिनऔषधाची कोणती हे कळणार कसं? रघूला कळतं, पण पेशी मारायला त्याला पीठ कशाला हवं? भिकाजीपंत, गंगेच्या पाण्याचा गडू कधी कापतात?"

"माणूस शेवटच्या घटकेला आलं की. तोंडात पाणी घालायला." भिकाजी म्हणाले.

"या घरात कुणी शेवटच्या घटकेला नव्हतं. गडू मात्र नुकताच कापलाय."

सगळ्यांच्या नजरा तुळसाकडे वळल्या. तिने मान खाली घातली नाही.

"तो गडू मी माझ्यासाठी घेतला होता," ती म्हणाली. "मुंबईत माझं काही झालं तर असावा म्हणून. आक्का तिथे एकटीच गेली. तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं. बाईंनी बरणी दाखवली, न् मला वाटलं, अजून घालता येईल."

केरूने पंचा डोळ्यांना लावला.

"तुळसाबाई, बाकीच्या बाटल्यांना हात लावलात?"

"नाही. त्यांत औषध होतं. माझ्यासाठी चाललंय हे ठाऊक होतं मला."

"झाकणंही तेच सांगतात," आंबेरकर डॉक्टरांकडे वळले. "दोन्हींचं ग्रीस अभंग, रंग तसाच. पहिल्या बाटलीने तुम्हाला फसवलं, पण दुसरी आणि तिसरी खरं बोलतायत. एकाच बाईच्या पेशी, एकच औषध. जोडीदार नाही तिथे तगल्या, जोडीदार आहे तिथे मेल्या."

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. "म्हणजे औषध लागू पडतंय. तुळसा, हमी कुणीच देणार नाही. पण जोडीचं औषध द्या, असं मी आत्ता मुंबईला कळवते."

तुळसा बरण्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझं औषध आक्काने आधी घेऊन बघितलं," ती हळूच म्हणाली. "लहानपणी कालवण तिखट आहे का ते तीच आधी चाखायची." मग ताठ उभी राहिली. "मी घेईन औषध. पण तिला आता सोडा. ती इथे अडकलेली असताना मला ते घशाखाली नाही उतरणार."

डॉक्टरांनी अजून जिवंत पेशी असलेली दुसरी बाटली उघडून पुढे केली. तुळसाने गडू तिच्यात रिता केला. लाल रंग हळूहळू फिका होत गेला.

तुळसा चपला घालायला बाहेर गेली तेव्हा भिकाजी म्हणाले, "सुटली बिचारी सुंदराबाई."

"इथली सुटली," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "मुंबईला तिच्या पेशी नळ्यांत गोठवून ठेवल्यात. तुळसा जाणार त्याच इमारतीत, तळघरात. कधीही वितळवल्या की वाढतील."

"तिला सांगायला नको?"

"सांगितलं तर ती औषध घेईल?"

आंबेरकरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

स्टँडवर तुळसाची पिशवी भिकाजींनी उचलून आत दिली. केरू तिच्या शेजारी बसला. इंजिन सुरू झालं तशी तुळसा खिडकीच्या गजांशी वाकली.

"तुम्ही शिकलेले, म्हणून विचारते. आक्का आता कुठेच नाही ना?"

भिकाजींना वाटलं, आपला चेहरा दिव्याच्या उजेडात सगळं सांगून टाकणार. ते एक पाऊल मागे, अंधारात सरकले.

"नाही," ते म्हणाले. "कुठेच नाही."

तुळसाने डोळे मिटून मान मागे टेकवली. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली.