मोजणीत नसलेली

केजला जाणाऱ्या जीपमध्ये वर्षाराणीच्या मोबाइलमधून केसगळतीवरच्या तेलाची जाहिरात एवढ्या जोरात सुरू झाली, की पुढच्या सीटवरचे टक्कल पडलेले गृहस्थ वळून बघायला लागले. तिनं घाईघाईनं मोबाइल ओढणीखाली दाबला. शेजारचा तरुण हसला.

"जाहिरात नको असंल तर दुसरं दार हाय," तो म्हणाला.

"कशाचं दार?"

"व्हिडिओ यूट्यूबचेच, वेबसाईट येगळी. लॉगिन न्हाई, जाहिरात न्हाई... आन तुमी काय बघितलं ते कुनाला कळत न्हाई."

शेवटच्या वाक्याला वर्षाराणीनं कान टवकारले. घरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच खातं होतं, थोरल्या भावाचं. ती ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ बघायची आणि जेवताना भागवतदादा विचारायचा, "आज बोटनेक का?" लपवण्यासारखं काही नव्हतं. पण आपलं बघणं आपल्यापुरतं असावं, असं तिला फार वाटायचं.

तरुणाचं नाव शिवशंकर. केजमध्ये तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा आणि त्या कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा. तिचं शिवणकामाचं दुकान त्याच रस्त्यावर. मग काय, जीप रोजची होतीच, शेजारची जागाही रोजची झाली.

त्याचे व्हिडिओ तिनं त्यानं दाखवलेल्या दारानंच बघितले, एकूण एक. त्याला पत्ताच नाही. तिथून बघितलेलं त्याच्या व्ह्यूजच्या मोजणीत येत नव्हतं आणि तिथून लाईकही देता येत नव्हता.

एका सकाळी तो गप्प गप्प होता.

"चॅनल बंद करतो," शेवटी म्हणाला. "कुनी बघतच न्हाई. चाकणला कंपनीत जागा हाय. सोमवारी जातो."

वर्षाराणी त्याच्याकडं वळली.

"मी बघते की... सगळे."

"मन राखायला बोलू नका."

"पाणबुडी मोटारीच्या व्हिडिओत मागून तुमची आई वरडती, दूध उतू गेलं म्हनून. तुमी ते कापलंच न्हाई."

शिवशंकरचे कान लाल झाले. "तुमच्या शेतात मोटार बिघडली का?"

"आमच्याकडं विहीरच न्हाई."

"मग बघता कावून?"

"तुमाला बघायला," ती बोलून गेली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

चोरून बघितलं तेवढं पुरे झालं, असं तिला वाटलं. तिनं सरळ नेहमीचं ॲप उघडलं, दादाच्या खात्यावरचं, आणि त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं — जाऊ नका.

शिवशंकरनं ते वाचलं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. भेटेल त्याला खाजगीपणाचे धडे देणारा हा गडी सगळं विसरला. त्यानं तिथल्या तिथं उत्तर टाकलं: "न्हाई जात. मागणी घालायला घरी कधी येऊ?"

ते उत्तर पोचलं भागवतदादाच्या मोबाइलवर.

जीप स्टँडवर थांबायच्या आत वर्षाराणीचा फोन वाजला. दादाचा आवाज शेजारपर्यंत येत होता.

"वर्षे, एक मोटारवाला मला मागणी घालतोय. कोन हाय ह्यो?"

शिवशंकरचा चेहरा पांढराफटक. वर्षाराणीला हसू आवरेना.

"तुला न्हाई दादा, मला," ती म्हणाली. "रविवारी घरीच हाईस ना?"