करडीचं तेल अन् भात

पोतं खाली उतरलं अन् लाइट गेली.

वालूरला आमचा मोटरीवरचा लाकडी घाणा आहे. त्या दिवशी बाबा लग्नाला गेले होते, म्हणून घाण्यावर मी एकटीच होते. पाथरीहून करडी घेऊन आलेले शिवकांत घाम पुसत म्हणाले, "आता?"

"आता बसा," म्हणत मी डबा उघडला. भूक लागली की मला कुणाची भीड नसते.

डब्यात नुसता भात. सकाळचं तेल तोटीतून अजून थेंब थेंब गळत होतं. मी डबाच खाली धरला. वर मीठ, जवसाची चटणी.

"भाजी न्हाई?"

"भाजी कशाला? तुमी काय घेता भातावर?"

"तूप."

"अय्या! तूप-भात आजाऱ्याला देतात हो."

"लय बोलता तुमी..." ते हसले. "एक घास तर द्या, मग भांडू."

झाकणावर दिला. कालवून तोंडात घातला अन् डोळेच मिटले त्यांनी. मग हळूच — "अजून... हाय का?"

बघता बघता माझा डबा संपला! पण राग काही आला नाही.

मग काय, दर आठवड्याला करडी यायला लागली.

"एवढ्या तेलाचं करता काय?"

"भातावर घेतो. चटणी तेवढी तशी कुठं मिळंना..."

अन् असं बघितलं माझ्याकडं, की पुसलेली तोटीच मी पुन्हा पुसत बसले.

पाडव्यानंतर ते मला बघायला आले. सोबत त्यांचे माणिकरावकाका अन् घरची मंडळी. मी सरळ सांगितलं, "घाणा मी सोडणार न्हाई. रोज पाथरीहून जीपनं येत जाईन."

काकांनी कप खाली ठेवला. "सुनेनं घाण्यावर बसायचं? चला, उठा."

आमच्याकडं पसंती असली तरच पोरीच्या घरी जेवतात. नाहीतर चहावर उठायचं. सगळे चपला शोधायला लागले. मला ते हवे होते, लय हवे होते. पण घाणा बी हवा होता.

शिवकांत मात्र जागचे हलले नाहीत. माझ्या आईला म्हणाले, "मावशी, भात हाय का?"

"शिवकांत! काय मागायलास, कळतंय का?" काका ओरडले.

"कळतंय, काका. भाजी नको. ह्यांच्या घाण्याचं तेल अन् चटणी बास." मग माझ्याकडं वळून, "वाढता का... वैजयंती?"

पहिल्यांदाच नाव घेतलं त्यांनी. मी अशी धार सोडली, की भात तेलात पोहायला लागला.

"अहो, बास की!"

"गप जेवा," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, ते कुणाला दाखवू?

काकांनी दारातून बघितलं, शिवकांतांनी घास घेतलासुद्धा. मग चपला काढून पुतण्याशेजारी मांडी घातली. "मला बी वाढ, पोरी. पण मला तूप लागतं."

शिवकांत गालात हसत माझ्याकडं बघायला लागले. मी गुपचूप तुपाची वाटी आणली.