दारातला खोका

माझी लेक लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा मी एक नवस बोलले होते. पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. देवापुढे पदर पसरला आणि म्हटलं, "हिला जेवू दे. जन्मभर माझ्या ताटातला पहिला घास उपाशी जिवासाठी बाजूला काढीन." पोर उठून बसली, दूध मागू लागली. तेव्हापासून घर असो की परकी पंगत, नवस मोडला नाही. आमचे हे चिडवतात, "तुझा तो न दिसणारा पाहुणा बरा फुकटात पोसला जातोय!" जाऊ दे की बापडा.

दिवा जरा जवळ घ्या. आता सांगते ते नीट ऐका.

लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा गुणी. त्याचे वडील शहरातल्या एका नामांकित हॉटेलचे मालक. ते हॉटेल बरेच दिवस दुरुस्तीसाठी बंद होतं. आता नवं रूप घेऊन उघडणार होतं, आणि त्याआधी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. तारीखही तिथेच ठरवू म्हणाले. मुलगा कामावरून परस्पर येणार होता.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा उन्हं पुरती कललीही नव्हती. आत मात्र मंद पिवळा उजेड, पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा, कुठूनसं हलकं संगीत. व्याह्यांनी आम्हाला मागच्या बाजूच्या खास बैठकीत नेलं. गडद लाकडाच्या भिंती, खिडकी एकही नाही. ताज्या पॉलिशचा वास येत होता. आणि त्याच्या खालून दुसरा एक वास… ओल्या गोणपाटाचा, जुन्या बर्फाचा.

एका म्हाताऱ्या वेटरने सूप मांडलं, आणि जाता जाता फळांचा एक लाकडी खोका आणून, दार मिटू नये म्हणून दाराला लावला. त्या थाटात तो खोका म्हणजे भरजरी शालूला गोधडीचं ठिगळ!

"हे काय ध्यान आणलंस?" व्याही कडाडले.

"साहेब, सवय… खोका लावल्याशिवाय या खोलीत कुणी…"

"इथलं शीतगृह जाऊन बैठक झाली, तुझी सवय काही जात नाही!" त्यांनी बुटाने खोका बाहेर सारला. वेटरही बाहेर गेला. दार लागलं.

"विहीणबाई, भिंती अशा केल्यात की बाहेरचा एक सूर आत येणार नाही."

"आणि आतला बाहेर?" लेकीने सहज विचारलं.

"तोही नाही," ते म्हणाले. हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

मी पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि पहिला घास बशीत काढून ठेवला.

"आमच्याकडे अन्न टाकत नाहीत हं, विहीणबाई."

"टाकत नाही हो, ठेवते. कुणी उपाशी असेल, त्याच्यासाठी."

त्यांचा चमचा हवेतच थांबला.

सुपाची वाफ एकाएकी बसली. वर साय धरावी तसा पातळ पापुद्रा आला. मी श्वास सोडला, तो पांढरा दिसला. आणि मग… टक. टक. व्याह्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीतून, अगदी खालून. उभं राहायचं त्राण संपलेलं माणूस जमिनीवर बसून ठोठावेल, तसं.

"पाइप असतील," हे म्हणाले.

"तिथे पाइप नाहीत." व्याह्यांचा आवाज ओळखू येईना.

लेकीने दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली, दार हललं नाही. फोन लागेना. ह्यांनी दारावर लाथा घातल्या, हाका मारल्या. बाहेर कुणाला ऐकू जाणार?

"कोण आहे तिथे?" मी व्याह्यांना विचारलं.

"मावशी… आमची स्वयंपाकीण. शीतगृहाची आतली कडी मोडली होती. सगळे दाराला खोका लावूनच आत जायचे. त्या संध्याकाळी बडे पाहुणे स्वयंपाकघर बघायला येणार होते. खोका वाटेत होता… मी पायाने सारला."

"ती आत आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?" देवाशपथ, मला 'नव्हतं' हेच ऐकायचं होतं.

टक. टक.

"नंतर… आवाज येत होता. पण पाहुणे बसले होते. मी संगीत वाढवायला सांगितलं. म्हटलं, ते उठेपर्यंत कळ काढेल… मग विसरलोच."

लेकीने माझा हात धरला. तिचे ओठ निळे पडले होते. जिच्यासाठी नवस बोलले, तीच पोर माझ्यासमोर गारठत होती.

मी बशी उचलली आणि भिंतीपाशी जमिनीवर ठेवली. "बाई गं, जन्मभर दुसऱ्यांसाठी रांधलंस आणि उपाशी गेलीस. हा घास तुझाच आहे. माझ्या माणसांना जाऊ दे."

ठोठावणं थांबलं. बशी पुसल्यासारखी कोरडी झाली. दार आपोआप, अलगद उघडलं.

लेक बाहेर पडली, मागोमाग हे, मग मी. व्याही माझ्या अगदी पाठीशी होते. त्यांची बोटं माझ्या पदराला लागलेली मला कळली. आणि दार मिटलं.

म्हाताऱ्या वेटरने बाहेरून लगेच उघडलं. श्वास घेऊन सोडावा, एवढाच काय तो वेळ गेला असेल. व्याही दाराशी जमिनीवर बसले होते. मिशांवर, पापण्यांवर बर्फ. बोटांची पेरं सोलून निघालेली, दाराची आतली बाजू लाल झालेली. आम्ही दाराशीच उभे होतो हो! एकही टकटक ऐकली नाही. डॉक्टर म्हणाले, हे शरीर रात्रभर थंडीत होतं.

वेटरने तो खोका उचलून पुन्हा दाराला लावला. "मावशीने कधी कुठलं काम घाईत उरकलं नाही," तो पुटपुटला.

लेकीचं लग्न पुढे झालं, साधेपणाने. जावयाने ती खोली पाडून मोकळं अंगण केलं. लेकही आता पहिला घास काढते. सुखात आहेत दोघं, देवाची कृपा.

माझ्या बशीतला घास मात्र हल्ली मी जेवून उठेपर्यंत दगडासारखा गोठलेला असतो. मध्ये एकदा पाहुण्यांच्या गडबडीत तो काढायचा राहिला. भांडी आवरत होते, आणि फ्रिजच्या आतून, अगदी खालच्या कप्प्यातून…

ती वाईट नाही हो. भुकेली आहे, एवढंच. म्हणून माझं एक ऐका. तुम्हीही नवस बोला, आणि आज ताटावर बसाल तेव्हा पहिला घास बाजूला काढा. मघाशी तुम्ही फ्रिजचं दार लावून इथे येऊन बसलात ना, तेव्हापासून मी तुमच्या स्वयंपाकघराकडे कान देऊन आहे. उठा, आधी ताट वाढून घ्या.