डाव्या कानातली ढकलगाडी

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिचा शेवट जरा बरा केला असता.

आणि भुतं रात्रीच येतात हा गैरसमज आधी सोडा. हे सगळं सुरू झालं एका मंगळवारी, भर दुपारी, जेवणं झाल्यावर, लख्ख ट्यूबलाइटखाली.

ज्यांच्याबाबत घडलं ते माझे साडू. एका मोठ्या कारखान्यात ते कामगारांचे कान तपासायचे. दवाखान्याच्या टोकाला त्यांची खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली. कपाटाएवढी. भिंतींना फोम, जाड दार, एक काच. आत कामगार हेडफोन लावून बसायचा, बाहेर यंत्रापाशी साडू. 'टूं' ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. बस्स.

पण साडूंचा खरा आनंद कान तपासण्यात नव्हता. खोटं पकडण्यात होता.

"बहिरा म्हणून येतो, आणि मी मागे पेन पाडलं की गर्रकन वळतो!" जेवताना ते हसून सांगायचे.

"आणि तुम्हाला माझं ऐकू येत नाही, ते कोण पकडणार?" मेहुणी म्हणायची.

साडूंना ते ऐकू यायचं नाही.

एकदा त्यांनी मलाही त्या कपाटात बसवलं. हेडफोनमधला आवाज डाव्या कानातून निघाला आणि डोक्यामागून सावकाश उजव्या कानात गेला. तो जाईल तिकडे मी बोट दाखवत होतो. मग त्यांनी वेग वाढवला. माझं बोट डावीकडे, आणि आवाज केव्हाच उजवीकडे.

"मेंदू फार मंद असतो हो," साडू म्हणाले. "आवाज कुठल्या कानात आधी पोचला, यावरून तो दिशा ठरवतो. पण आवाज पळायला लागला की याची दमछाक होते. चोर गेल्यावर कुत्रं भुंकतं ना, तसं. आवाज जिथे होता तिथे तो बोट दाखवतो. जिथे आहे, तिथे नाही."

मी तेव्हा हसलो होतो.

तर त्या मंगळवारी उंच्या आला. कारखान्यात सगळे त्याला उंच्याच म्हणत. मालाच्या ढकलगाड्या जातात त्या उतारावर काम करायचा.

"साहेब, डावा कान गेलाय," तो म्हणाला. "उजव्यानं ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. उतारावर भरलेल्या गाड्या सुटतात. मला दुसरीकडे टाकायला सांगा."

"बघू की. बस आत."

या कामाचा एक नियम असतो. रोज सकाळी तपासणाऱ्यानं हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून बघायचे. लाल उजवीकडे, निळा डावीकडे. त्या सकाळी हेडफोन दुरुस्तीहून आले होते. साडूंनी वायरी यंत्रामागे खुपसल्या. तेवढ्यात चहा आला. नियम राहिला. चहा राहिला नाही.

साडूंनी डाव्या कानात आवाज दिला. उंच्यानं लगेच बटण दाबलं.

मग उजव्या कानात दिला...

शांतता.

आणखी मोठा दिला...

काहीच नाही.

साडूंनी दार उघडलं ते हसतच. "अरे, बहिरेपणाचं सोंग आणायचं तर कोणता कान ते तरी पाठ करून यायचं!"

"डावाच आहे साहेब," उंच्या म्हणाला.

"मग उजवा कुठे सांडलास? रस्त्यात?"

अख्खा दवाखाना हसला. उंच्यालाही थोडं हसावं लागलं. साडूंनी शेरा मारला: दोन्ही कान ठीक, नाटक करतो, उतारावर पाठवा.

दुसऱ्या दिवशी मात्र साडूंनी नियम पाळला. डावीकडे आवाज दिला. तो त्यांच्या उजव्या कानात वाजला.

यंत्रामागे लाल वायर निळ्याच्या जागी होती.

त्यांनी ती काढून नीट लावली. मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं.

घरी फक्त मेहुणीला सांगितलं. ती घास ठेवून म्हणाली, "अहो, मग बोलवा ना त्याला परत!"

"आणि काय सांगू? खोटा मीच निघालो म्हणून? काल त्याला हसले, उद्या मला हसतील."

"त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

"बघू पुढच्या आठवड्यात."

शुक्रवारी उतारावर पत्र्यांनी भरलेली ढकलगाडी सुटली.

सगळे ओरडले. चाक किंचाळलं. उंच्यानं ते ऐकलं. एका कानानं, पण स्वच्छ ऐकलं. फक्त कुठून ते कळलं नाही. गाडी डावीकडून येत होती. तो जीव खाऊन पळाला.

डावीकडेच.

सोमवारी साडू त्या कपाटात बसले. जाड दार ओढलं. हेडफोन लावले. यंत्र अजून सुरू केलेलं नव्हतं.

डाव्या कानात... अगदी लांब...

कुंई... कुंई...

तेल नसलेलं चाक.

त्यांनी हेडफोन उतरवले.

कुंई... कुंई...

दार ढकलून ते बाहेर आले. "सिस्टर, गाडी गेली का कुठली इथून?"

"इथून? दवाखान्यातून? नाही हो साहेब."

संध्याकाळपर्यंत डाव्या कानातले बाकीचे सगळे आवाज गेले. मेहुणीनं त्या बाजूनं हाक मारली, पातेलं आपटलं. काही नाही. राहिलं ते फक्त चाक. आणि ते दर दिवशी थोडं जवळ येत होतं...

शेवटी ते एका मुलीकडे गेले. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता स्वतःचा दवाखाना असलेली. तिनं सगळ्या तपासण्या केल्या.

"सर, दोन्ही कान उत्तम आहेत."

"अगं, डाव्यानं ऐकू येत नाही मला!"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. साडू कामगारांकडे बघायचे, अगदी तसं. मग बोलता बोलता त्यांच्या डावीकडे, मागे, पेन पाडलं.

साडू गर्रकन वळले.

"बघा," ती हसून म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत, सर."

"मी पेनासाठी नाही वळलो," साडू म्हणाले. "गाडी आली म्हणून वळलो."

तिनं विश्रांती घ्यायला सांगितलं.

आज दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. खुर्ची कोपऱ्यात सरकवून, डावा खांदा आणि डावा कान भिंतीला घट्ट चिकटवून ते बसले होते. गालाला चुना लागला होता.

"या बाजूनं आता काय येणार?" ते म्हणाले. "हातभर जाड भिंत आहे."

मेहुणी चहा टाकायला आत गेली.

अचानक साडूंनी माझं मनगट धरलं. "आली... ऐका... अगदी जवळ..." बोट भिंतीकडे.

मी समजूत घालणार होतो. तोंड उघडलंही होतं.

आणि मला ते ऐकू आलं.

कुंई... कुंई...

भिंतीतून नाही.

उजवीकडून. उघड्या दारातून. मग खोलीच्या आतून.

साडू भिंतीकडेच बोट दाखवत होते. आवाज जिथे होता, तिथे.

"पण भिंत जाड आहे," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी थोडं हसले.

मी उठलो. काम आठवलं म्हणालो. त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या कानात?

दारातून निघताना मी अंग चोरून एका बाजूला झालो. कुणाला तरी वाट द्यावी तसा.

चहा राहिलाच.

संध्याकाळपासून माझा मोबाइल वाजतोय. मेहुणीच असणार. उचलायला हवा, कळतंय मला. सगळं घर पालथं घातलं...

तो वाजतोय, हे स्वच्छ ऐकू येतंय.

कुठून, ते कळत नाही.