बर्फात गोठलेली दृष्ट

ही घटना खरी आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी देवासला यावं, मी स्वतः नेऊन जागा दाखवेन.

आणि आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही. अमावस्या नाही. मे महिन्यातली रविवारची दुपार होती. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलो होतो.

शहराबाहेर बटाट्यांचं एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे. कन्नौदच्या एका डाळमिलवाल्या शेठजींनी ते घेतलं आणि आत बर्फाचं मैदान केलं. आइस हॉकीचं.

हसू नका. मुलींची नवीन लीग निघाली होती, पगार देणारी, आणि शेठजींना आपला संघ हवा होता. चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळणाऱ्या आम्हा इंदूर-देवासच्या पोरींना त्यांनी उचललं आणि थेट बर्फावर उभं केलं. संघाचं नाव माळवा टायगर्स. आमच्या त्या बर्फाला सीझन संपेपर्यंत बटाट्यांचा वास येत होता.

मी ऋजुता. दोन नंबरची गोलकीपर.

एक नंबरची वैभवी. माझी मामेबहीण.

दोन नंबरच्या गोलकीपरने काय करायचं? सगळे पॅड बांधून, मास्क जवळ घेऊन, पूर्ण मॅच बेंचवर बसायचं. एक नंबरला काही झालं तरच उठायचं.

वैभवीला कधीच काही होत नव्हतं.

मला तिचा हेवा वाटायचा. अगदी पोटातून. त्यात लपवण्यासारखं काय आहे? लोक तिच्या नावाने ओरडायचे, पोरं तिच्यासोबत सेल्फी काढायची, आणि मी शेजारी उभी राहून त्यांचे मोबाइल धरायचे. वर शेठजींनी सांगून टाकलं होतं की पुढच्या सीझनला गोलकीपर एकच ठेवणार. कोणती, ते सांगायची गरज नव्हती.

घरच्या प्रत्येक मॅचआधी शशिकलामामी यायच्या. वैभवीची आई. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन त्या लेकीवरून उतरवायच्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, कुणाकुणाची दृष्ट जाऊ दे..." असं पुटपुटायच्या. 'घरच्यादारच्याची' म्हणताना माझ्याकडे बघायच्या.

एकदा मी आईला म्हटलं, "तू माझी का नाही काढत?"

आई म्हणाली, "अगं, तू खेळतच नाहीस. तुला कुणाची दृष्ट लागणार?"

मी हातातला घास ताटात ठेवला. मी ताटावरून उठले.

सीझन अर्धा झाला आणि ते सुरू झालं...

नवा बर्फ फार गुळगुळीत असतो. गोलकीपरचा पाय घसरतो. म्हणून मॅचआधी ती आपल्या गोलसमोरचा बर्फ स्केट्सने खरवडून घेते. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे काम गोलकीपरच करते, दुसरं कोणी नाही.

घरच्या एका मॅचआधी नीलेश भियाने मैदानावर पाणी फिरवलं होतं. आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात; मैदान तेच सांभाळायचे. चाकांवर ठेवलेला गरम पाण्याचा ड्रम आणि मागे ओढायचं ओलं गोणपाट, एवढीच आमची मशीन. पाणी पसरायचं, गोठायचं, नवा थर तयार.

आम्ही सगळ्या कपडे बदलायच्या खोलीत होतो. मी मोजे चढवत होते. वैभवी समोर केस बांधत होती.

बाहेरून आवाज आला.

खर्र... खर्र...

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. संघात गोलकीपर दोनच. दोघी खोलीत.

खर्र... खर्र...

बाहेर येऊन पाहिलं. मैदानावर कोणी नाही. बाकी सगळा बर्फ कोरा... फक्त आमच्या गोलसमोरचा खरवडलेला.

तिथे बर्फाच्या आत काळे बारीक दाणे दिसत होते. मला वाटलं, कचरा असेल.

त्यानंतर घरच्या प्रत्येक मॅचला तेच. बाहेरगावी काहीच नाही. बाहेर वैभवी भिंतीसारखी उभी राहायची आणि घरी तिच्या पायातून गोल जायचे. एका मॅचनंतर तिने मला गाठलं.

"यार ऋजु, मस्करी बस कर ना आता. माझ्या मागे येऊन का उभी राहतेस?"

"पागल आहेस का? मी बेंचवर असते. सगळं पब्लिक बघतं."

"तर मग कोण असतं? मानेवर गार श्वास लागतो, सच्ची! बाजू बदलली तरी पाठोपाठ येतं."

ती घाबरली होती. आणि मला... मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग ती रविवारची दुपार. घरची शेवटची मॅच. जिंकलो तर ट्रॉफी आमची.

मी लवकर तयार होऊन बाहेर आले. मामी नुकतीच वैभवीची दृष्ट काढून मूठ मिटून चालल्या होत्या. मला वाटलं, बाहेर टाकायला निघाल्यात.

त्या नीलेश भियाच्या ड्रमपाशी थांबल्या. झाकण सरकवलं. मूठ आत मोकळी केली.

"मामी! हे काय?"

"काय म्हणजे? दृष्ट टाकली. विस्तव पेटवू देत नाहीत ना इथे, भिंतीत थर्माकोल आहे म्हणे. बाहेर उन्हात कुठे तिठा शोधत जाऊ? पाण्यात मीठ विरघळलं की दृष्ट गेली. सीझनभर इथेच टाकतेय मी."

नीलेश भिया मागेच उभे होते. "तभी मैं सोचूँ, बरफ में राई के दाने कहाँ से आ रहे हैं!" असं म्हणून ते हसले.

मला हसू आलं नाही.

मिठासोबत दृष्ट पाण्यात विरघळून वाहून जाते, असं मामी समजत होत्या. पण हे पाणी वाहत नव्हतंच. ते मैदानावर पसरत होतं. गोठत होतं. एकावर एक थर, प्रत्येक मॅचची दृष्ट त्याच बर्फात. आणि वैभवी त्याच बर्फावर उभी राहत होती.

दृष्ट कुणाची, ते मला विचारू नका. तिच्याकडे डोळे फाडून बघत सीझनभर बसलेली एकच मुलगी होती.

मी कोचला सांगायला हवं होतं? काय सांगणार? तोवर ड्रम मैदानावरून फिरूनही आला होता.

मॅच सुरू झाली. पत्र्याची शेड लोकांच्या ओरडण्याने हादरत होती. शेवटच्या भागापर्यंत बरोबरी.

अचानक वैभवीने हात वर केला. खेळ थांबवून ती बेंचपाशी आली, मास्क काढला. ओठ पांढरेफटक.

"ती बोलली आज," ती मला म्हणाली. फक्त मला. "म्हणाली, हो बाजूला."

"कोण?"

"आवाज तुझा आहे, ऋजु."

आणि ती थेट शेडबाहेर निघून गेली. मामी तिच्या मागे धावल्या.

कोच ओरडले, "ऋजुता! चल, जल्दी!"

शेवटी... शेवटी माझा नंबर लागला होता. मी पायाशी ठेवलेला मास्क उचलायला वाकले.

मास्क नव्हता.

बेंचखाली पाहिलं. नाही.

वर पाहिलं...

गोलमध्ये कोणीतरी उभं होतं. माझा मास्क. पाठीवर माझं नाव, माझा नंबर. ती शांतपणे समोरचा बर्फ खरवडत होती.

खर्र... खर्र...

"सर! मी इथे आहे!"

कोचने वळूनही पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघून ओरडत होते, "शाबास ऋजुता! ध्यान से!"

मी शेजारच्या पोरीचा दंड धरून हलवला. तिने फक्त स्वेटरची बाही खाली ओढून घेतली, गार वारा लागल्यासारखी.

मी बसून पाहिलं. दुसरं काय करणार? तिने एकही गोल जाऊ दिला नाही. असं कोणी खेळताना मी पाहिलं नाही. वैभवीही असं खेळत नाही. आणि मी... मी तर नाहीच नाही.

आम्ही जिंकलो. लोक माझ्या नावाने ओरडत होते. ऋ-जु-ता! ऋ-जु-ता! सगळ्या पोरी तिच्यावर जाऊन पडल्या. त्या ढिगातून ती एकटी बाहेर निघाली, माझ्या समोरून गेली, खोलीत शिरली. मी मागे पळाले.

खोलीत कोणीच नव्हतं. बाकावर माझा मास्क पडला होता. आतून बर्फाने भरलेला.

दुसऱ्याच क्षणी सगळ्या आत घुसल्या आणि मला उचलून घेतलं. आता मी सगळ्यांना दिसत होते. आई रडत होती. शेठजींनी पुढचा करार तिथेच जाहीर केला.

वैभवीने हॉकी सोडली. ती आता धारला, आजोळी असते. मामांनी तिला मॅचचा व्हिडिओ पाठवला, तो पाहून तिने मला मेसेज केला. तो मी पुन्हा पुन्हा वाचते. "काय खेळलीस यार. सच्ची सांगू? जिंदगीत पहिल्यांदा तुझी जलन झाली."

हेच वाक्य तिच्याकडून ऐकायला मी लहानपणापासून जळत होते.

मी 'थँक्यू' लिहून पाठवलं.

या आठवड्यात नव्या सीझनसाठी पुन्हा बर्फ गोठवायला घेतलाय. गोलकीपर म्हणून माझं एकटीचंच नाव आहे. बातमीत लोक माझा तो खेळ आठवून लिहितायत, आणि वाचताना माझ्या पोटात पुन्हा तसंच जळतं. आता मला तिचा, माझ्या मास्कमधल्या त्या दुसरीचा, हेवा वाटतो.

मॅचच्या दिवशी ती येईल, या विचाराने झोप लागत नाही. पण खरं सांगते... ती आलीच नाही तर काय, या विचाराने जास्त घाम फुटतो. कारण मग गोलमध्ये मला उभं राहावं लागेल.