कोशावाशी झुंज

नोटबुर्गाला काळा समुद्र गाठायचा होता. ऑस्ट्रियातल्या वाखाऊच्या द्राक्षमळ्यांखालच्या धक्क्यावरून एकतीस वर्षं तिने लोकांना नावेने डॅन्यूबपार नेलं. नदी सदैव आडवी ओलांडली, उभी कधी पाहिलीच नाही. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने सायकलला पिशव्या बांधल्या. धाकटा भाऊ कोर्बिनियन, गावचा पाववाला, बहिणीला पंक्चर काढता येत नाही या सबबीवर बरोबर निघाला.

हजार किलोमीटर बरे गेले. माना टाकलेल्या सूर्यफुलांची हंगेरीतली मैदानं संपली, बेलग्रेड मागे पडलं, नदी पसरत पसरत इतकी रुंद झाली की पलीकडचा रोमानियाचा काठ धुरकट रेघेसारखा दिसू लागला. मग गोलुबाचच्या किल्ल्यापाशी डोंगर दोन्ही बाजूंनी पुढे सरसावले आणि नदी त्यांच्या घळीत शिरली.

तिथेच कोशावा सुटला. पूर्वेकडून घळीतून येणारा हा वारा तीन दिवस वाहतो, नाहीतर सात, नाहीतर एकवीस, असं खाणावळवाल्याने बजावलं. दोन दिवस थांबू या, असं कोर्बिनियन म्हणाला. नोटबुर्गा ऐकेना. वाऱ्यापायी तिने एक दिवसही नाव बंद ठेवली नव्हती!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी जेमतेम अठरा किलोमीटर रेटले. उतारावरसुद्धा पायडल मारावे लागत होते. खाली नदीत समुद्रासारख्या लाटा उठत होत्या, उलट्या, प्रवाहाच्या विरुद्ध!

बोगदा आला. आत शांत होतं. कोर्बिनियन पुढे होता. तो बोगद्याबाहेर पडला आणि वाऱ्याने त्याला बाजूने धडक दिली. सायकल आडवी झाली. कठड्याला भगदाड होतं. पिशव्यांनी भरलेलं मागचं चाक कड्याबाहेर गेलं, आणि कोर्बिनियनच्या कमरेचा पट्टा पिशवीत अडकलेला! नोटबुर्गाने सायकल टाकली. रांगत गेली. त्याची कॉलर धरली. दुसऱ्या हाताने पट्ट्याची कडी ओढली. निघेना! पुन्हा ओढली. सुटली!

त्याची सायकल खाली गेली. पाण्यावर आपटल्याचा आवाजसुद्धा वाऱ्याने ऐकू दिला नाही.

कोर्बिनियनचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. झिवादिन्का नावाच्या मासे विकणाऱ्या बाईने आपल्या पिकअपमधून दोघांना, उरलेल्या सायकलसह, दोन्यी मिलानोवाच गावच्या डॉक्टरकडे नेलं आणि मग आपल्याच घरी ठेवून घेतलं. या वाऱ्यात आमचे कावळेसुद्धा चालत जातात, असं तिने सुनावलं. नोटबुर्गा मान खाली घालून माशाचं लालभडक सार पीत राहिली.

चौथ्या सकाळी ती जागी झाली ती शांततेने. पान हलत नव्हतं.

"निघ तू," कोर्बिनियन म्हणाला. "अजून हजारच राहिलेत. मी बसने जातो घरी."

"बुटाची नाडी बांधता येते का तुला?"

"शिकेन."

"हट्ट माझा होता, कोर्बी."

"माहीत आहे मला. म्हणून तर म्हणतो, निदान एकाने तरी पोचावं."

ती बाहेर पडली. थोड्या वेळाने परतली ती झिवादिन्काला पिकअप काढायला सांगूनच. निघण्याआधी काझान, नदीची सगळ्यात अरुंद घळ, पाहायची, आणि दोघांनी पाहायची.

कड्याच्या टोकाशी तिघं उभी राहिली. एवढी अफाट नदी दोन भिंतींमध्ये आवळून दीडशे मीटरांची झाली होती. समोर शेकडो हात उंच पांढरा खडक आणि तेवढाच खाली पाण्यात. सगळी रुंदी जणू खोल गेली होती. पाणी हिरवंकाळं, निश्चल. तरी पायाखालचा डोंगरच आपल्याला वाहून नेतोय असा भास नोटबुर्गाला झाला आणि तिने भावाचा धड हात पकडला. खालून मालवाहू जहाज गेलं. काड्यापेटीएवढं दिसत होतं. त्याची लाट भिंतीला लागायला इतका वेळ लागला की ती विसरूनच गेली होती.

झिवादिन्काचा जन्म इथलाच, पण तीही टक लावून पाहत होती.

"समुद्र याहून मोठा असेल," शेवटी कोर्बिनियन हळूच म्हणाला.

"असेना," नोटबुर्गा म्हणाली.

तिने वाकून त्याची सुटलेली नाडी बांधली.