मोठी वाटी

रविवारी सकाळी मी आणि माझा दोस्त देवाप्पा फटफटी ढकलत हलसूरच्या पुढच्या तळ्याकडे निघालो, तेव्हा धुकं गुडघ्यापर्यंतच होतं. सहासष्ट सालचा डिसेंबर. फटफटी म्हणजे आमची जुनी सायकल, तिला भंगारातलं छोटं इंजिन जोडलेलं. आठवीत शाळा सुटल्यावर चिकपेटच्या सायकलदुकानात मी एवढंच शिकलो.

वजन नको म्हणून फटफट्यांच्या शर्यतीत उतरणारे सगळेच ब्रेक काढून टाकायचे. शर्यत संपते त्या चिंचेच्या झाडापाशी आलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बुरेटरखालच्या वाटीत उरलेलं पेट्रोल शंभर पावलांत संपतं, इंजिन बंद पडतं, चाकं घरंगळत थांबतात. त्याच्या जरा पुढे तळं.

मागच्या वर्षी थोरल्या भावासाठी, गुंडोअण्णासाठी, मी मोठी वाटी बसवली. वेग वाढावा म्हणून. कॉक बंद केल्यावर तीच वाटी इंजिन जास्त वेळ पळवील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अण्णा सरळ तळ्यात गेला. तेराव्याला ती वाटी मी तिथंच फेकली. इंजिन मात्र टाकवेना.

"लहान वाटी आहे ना, जया?" देवाप्पानं विचारलं.

"कालच बसवली."

"मग स्वल्प हस की! तुझं तोंड बघूनच इंजिन बंद पडायचं."

तो फटफटी घेऊन धुक्यात मागे गेला. मी काठावर लाल फडकं धरून उभा राहिलो. धुकं वर चढलं, चिंच दिसेनाशी झाली. मग दूरवर इंजिन फुटफुटलं. आवाज वाढत आला. पेट्रोलात आम्ही एरंडेल मिसळतो, ते जळाल्याचा वास आला. चिंच मागे पडली असावी. मी पावलं मोजू लागलो. शंभर झाली. आवाज थांबेना.

"देवाप्पा... उडी मार!"

गालाला गरम वारा चाटून गेला. समोर कोणीच नव्हतं. आवाज पाण्यात शिरला, बुडबुडला... आणि विझला.

थोड्या वेळानं धुक्यातून देवाप्पा पायडल मारत आला.

"सुरूच झाली नाही रे. अख्खी वाट पाय मोडले. ओरडलास कशाला?"

मी इंजिनाला हात लावला. चटका बसला. खाली मोठी वाटी होती. ओली, कडेला शेवाळ.

मी ती काढून पुन्हा तळ्यात भिरकावली. देवाप्पाला म्हटलं, खराब झाली होती.

काल दुपारी तो दुकानात आला, खुशीत.

"एवढा काय लाजतोस? माझ्या उशाशी ठेवून गेलास, उठवायचं तरी!"

त्यानं रुमाल उलगडला. मोठी वाटी.

मग मात्र मी सगळं सांगितलं. जन्मात एवढं कधी बोललो नव्हतो. रुमालातून पाणी ठिबकत होतं.

"सरी, बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "अण्णा रात्री बोललाच होता... तू असंच सांगशील म्हणून."